मीठ, वीज आणि पिण्याचे पाणी



आजच्या भाषणाचा विषय रसायनशास्त्रातला आहे आणि मी रसायनशास्त्रज्ञ नाही, ही गोष्ट आरंभीच सांगून टाकलेली बरी. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून मुलांना गणित आणि सामान्य विज्ञान शिकविण्यात गेली. परंतु पिण्याच्या पाण्याने मला आयुष्यात दोन वेळा असा धडा दिला की, निवृत्तीनंतर या विषयावरील पुस्तके मिळवून वाचल्यावाचून मला राहवले नाही. त्या वाचनातून जे उमगले ते, वर्गात सांगावे त्याच रीतीने, आपणांपुढे ठेवणार आहे.

पहिला प्रसंग आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. सन २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. अखेर १२ एप्रिल रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरच्या स्टेशनात शिरली. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी! पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी सुरू झाली आणि पावसाळा चांगला लागेपर्यंत या गाडीने शहराची तहान भागविली. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी लिटरांचाच हिशेब असे. किती पाणी आले, किती घागरी मिळाल्या, किती दिवस पुरतील, एवढेच सारे विचारीत. ते पाणी पिण्याजोगे आहे काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नसे. वास्तविक टंचाईच्या काळात हाच प्रश्न अगोदर विचारावयास हवा. पाणी जितके दूर वाहून आणावे, जितक्या टाक्यांतून ओतावे, जितके दिवस पिंपात साठवावे, तितके ते दूषित होण्याचे धोके वाढतात. आणि त्यात घातलेले औषध मात्र तितकेच उडून जाते.

दुसरा प्रसंग याहून पुष्कळ जुना, माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतला. गोदावरीकाठच्या एका लहानशा गावी मी शिक्षक होतो. गावाचे नाव सांगत नाही. कारण तसे प्रसंग अनेक गावांवर येऊन गेले आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी तेथे हगवण-ओकारीची साथ आली. वर्गातील मुले एकामागून एक गैरहजर राहू लागली. आठ दिवसांनी बहुतेक मुले परत आली. तिसरीच्या वर्गातील एक मुलगी आली नाही. रोज सकाळी फळा पुसण्याचे काम तिने आपण होऊन अंगावर घेतले होते. त्या महिन्याच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे काय लिहावे, हे मला सुचेना.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर विहीर पाहावयास आले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी काचेच्या नळीत विहिरीचे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळे व्हावयाचे. पाणी होते तसेच राहिले. तेव्हा ग्रामपंचायतीचा वृद्ध शिपाई अगदी काकुळतीला येऊन मला म्हणाला, "गुरुजी, म्या नेमानं पावडर टाकली बघा, वहीत मांडून बी ठेवलंय." तो खोटे बोलत नव्हता. वहीत रोजच्या रोज नोंद होती आणि पावडरही खरोखरच पडत होती. परंतु ती पावडर गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून, तोंड उघडे असलेल्या पिशवीत, गळक्या पत्र्याखाली पडलेली होती. तिच्यातील औषध केव्हाच निघून गेले होते. उरला होता तो केवळ चुना.

त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की समजली. हजेरीपटावर 'हजर' लिहिल्याने मूल वर्गात येऊन बसत नाही. तद्वत वहीत लिहिल्याने औषध पाण्यात उतरत नाही. माझ्या आजच्या सर्व बोलण्याचे सार एवढ्यात आले. तथापि, ते औषध मुळातच मरू नये यासाठी शास्त्राने कोणता उपाय शोधला आहे, तो पाहण्याजोगा आहे.

ही पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर; आपल्या ग्रामपंचायतींतून तिला टीसीएल म्हणतात. तिचा जीव म्हणजे क्लोरीन. स्वीडनमधील शील नामक रसायनज्ञाने सन १७७४ मध्ये हा वायू प्रथम तयार केला. पुढे सन १८१० मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ डेव्ही याने हे मूलद्रव्य असल्याचे सांगून त्याच्या हिरवट-पिवळ्या रंगावरून त्याचे नाव ठेवले. चुन्यात हा वायू जिरवून पावडर करण्याची युक्ती सन १७९९ मध्ये ग्लासगोच्या टेनंट याने काढली, ती कापड पांढरे करण्यासाठी. पाणी निर्जंतुक करण्याकडे तिचा नित्य उपयोग सुरू व्हावयास मात्र आणखी शंभर वर्षे लागली. सन १९०२ मध्ये बेल्जममधील मिडेलकेर्के येथे, सन १९०५ मध्ये विषमज्वराच्या साथीनंतर इंग्लंडातील लिंकन येथे आणि सन १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे नगराच्या पाण्याला क्लोरीन देण्याची पद्धत पडली. जर्सी सिटीचे प्रकरण तर न्यायालयात गेले. डॉक्टर लील यांनी कोणाची परवानगी न घेता पाण्यात हे औषध घालण्यास प्रारंभ केला होता. परंतु न्यायालयाने त्यांचा उपाय मान्य केला आणि पुढे तो जगभर पसरला.

चांगल्या ताज्या पावडरीत शेकडा तेहतीसच्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो. पण ऊन, दमट हवा आणि काळ हे तिचे तीन शत्रू आहेत. आणि आपल्या मराठवाड्यात वैशाखातले ऊन आणि श्रावणातली सर्द हवा यांचा तोटा नाही. मोठ्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतून म्हणून सामान्यतः क्लोरीन वायूच दाबाखाली द्रवरूप करून लोखंडी सिलिंडरांतून आणतात. मोठ्या सिलिंडरात सुमारे नऊशे किलो क्लोरीन मावतो. तो नासत नाही हे खरे. परंतु तो निसटला तर काय होते, हे जगाने सन १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर पाहिले आहे. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत पसरत घरांत शिरतो. ज्याच्यामुळे लाखो लोक निरोगी राहावयाचे, तोच पदार्थ मोठ्या प्रमाणावर साठवून वस्तीशेजारी ठेवणे आणि मालमोटारीवर घालून रस्त्याने आणणे, हे मोठ्या जबाबदारीचे काम आहे.

तेव्हा एकीकडे नासणारी पावडर आणि दुसरीकडे धोक्याचा वायू. यांतून तिसरी वाट अशी की, औषध दुरून आणूच नये. जेथे पाणी शुद्ध करावयाचे तेथेच, रोजच्या गरजेपुरते, तयार करावे. आणि हे औषध कशापासून करावयाचे? आपल्या स्वयंपाकघरातील मिठापासून. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचा संयोग. या दोघांची ताटातूट करण्यास वीज पुरे.

सामान्य विज्ञानाच्या तासाला मी एक प्रयोग करून दाखवीत असे. काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घ्यावयाचे, पेन्सिलीतील दोन शिसे त्यात उभी करावयाची आणि विजेरीच्या घटांच्या तारा त्यांना जोडावयाच्या. दोन्ही शिशांवर बुडबुडे येऊ लागत. धनाग्राजवळ जास्वंदीची पाकळी धरली की तिचा रंग हळूहळू उडे. तो क्लोरीनचा प्रताप. ऋणाग्राजवळ हळदीने माखलेला कागद बुडविला की तो लाल होई. कारण तेथे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि हायड्रोजन वायू वर निघतो. हळद वसमतची आणि जास्वंद शाळेच्या कुंपणाची, तेव्हा प्रयोगाला खर्च काहीच नसे. मात्र हा प्रयोग मुलांनी एकट्याने करू नये. तो उघड्या हवेत आणि थोडा वेळच करावा.

आता या पेल्यात क्लोरीन आणि सोडा एकाच पाण्यात तयार होतात, एकमेकांना भेटतात आणि त्यांपासून सोडियम हायपोक्लोराइट नावाचे द्रव्य बनते. हेच आपले जंतुनाशक औषध. याच तत्त्वावरील साधी यंत्रे आज मिळतात. त्यांत फिक्या मिठवणीतून वीज खेळविली की, शेकडा पाऊण भागाच्या आसपास क्लोरीन असलेले पातळ औषध हाती येते. समुद्रकाठच्या वीजनिर्मिती केंद्रांत तर समुद्राचेच पाणी वापरून असे औषध करतात. परंतु या साध्या रीतीत एक उणीव आहे. सर्व मिठाचे औषध होत नाही. एक किलो क्लोरीनसाठी तीन-साडेतीन किलो मीठ खर्ची पडते आणि उरलेले मीठ औषधाबरोबर पाण्यातच जाते. शिवाय तयार झालेले औषध विद्युदग्रांच्या सान्निध्यात राहिल्यामुळे त्याचा काही भाग बिघडून क्लोरेट नामक नको असलेला पदार्थ होतो.

येथे पटलाचे काम सुरू होते. पात्राच्या मधोमध प्लास्टिकसारख्या द्रव्याचा एक पातळ पडदा ताणून बसवितात आणि पात्राचे दोन कप्पे करतात. हा पडदा चाळणीसारखा नाही. चाळणी लहान आणि मोठे एवढाच भेद ओळखते. हा पडदा विजेचा भार ओळखतो. त्याच्या अंगात ऋण भाराचे कण जागच्या जागी जडविलेले असतात. सोडियमचा कण धन भाराचा, म्हणून त्याचे येथे स्वागत होते. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पाय टाकीत तो पलीकडे जातो. क्लोराइडचा कण ऋण भाराचा. त्याला हा पडदा दारातूनच परतवितो. माळेगावच्या जत्रेत तिकीट पाहून माणसास तंबूत सोडणारा रखवालदार आपण पाहिला असेल. तो माणसाचा आकार पाहत नाही, हातातले तिकीट पाहतो. तसाच हा प्रकार.

परिणाम असा होतो की, एका कप्प्यात क्लोरीन निघतो. पलीकडच्या कप्प्यात मिठाचा अंश जवळजवळ नसलेला निर्मळ कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन मिळतो. मग क्लोरीन आणि सोडा यांची गाठ तिसऱ्या पात्रात, योग्य प्रमाणात आणि विद्युदग्रांपासून दूर, घालून देतात. औषध अधिक तीव्र होते, त्यात मीठ कमी राहते आणि मिठाचा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. हिशेबाने एक किलो क्लोरीनला १.६५ किलो मीठ पुरेसे असते. पटलाच्या रीतीने आपण त्या आकड्याच्या बरेच जवळ जातो. शिवाय कोणत्याही क्षणी यंत्रात मोकळा क्लोरीन थोडासाच असतो. वीज बंद केली की त्याची उत्पत्तीही थांबते.

असा टिकाऊ पडदा मिळविणे सोपे नव्हते. कारण क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा या दोघांनाही पुरून उरेल असे द्रव्य दुर्मिळ. अमेरिकेतील ड्यु पाँ कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी १९६० नंतरच्या दशकात ते सिद्ध केले आणि सन १९७५ मध्ये जपानातील नोबेओका येथे अशा पडद्यांवर मोठा कारखाना चालू झाला. तोपर्यंत पुष्कळ कारखान्यांतून याच कामी पारा वापरीत आणि त्याचे विष पाण्यात व हवेत जाई. पटलाने पाऱ्याला हळूहळू कारखान्याबाहेर काढले, हा त्याचा मानवजातीवरील मोठाच उपकार म्हटला पाहिजे. कारखान्यातील तीच विद्या आता लहान रूपात जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात येऊ शकते.

आता थोडा फळ्यावरचा हिशेब. दोन हजार वस्तीचे गाव घ्या. माणशी पंचावन्न लिटर या सरकारी प्रमाणाने रोज एक लाख दहा हजार लिटर पाणी लागेल. सोयीसाठी एक लाख धरू. लिटरला दोन मिलिग्रॅम या मात्रेने क्लोरीन दोनशे ग्रॅम लागला. साध्या यंत्राच्या पातळ औषधाच्या एका लिटरात सुमारे आठ ग्रॅम क्लोरीन असतो, म्हणजे औषध पंचवीस लिटर. त्याला मीठ सहाशे-सातशे ग्रॅम आणि वीज सुमारे एक युनिट! सबंध गावाच्या रोजच्या पाण्याला एवढा खर्च. मिरजेहून येणाऱ्या पंचवीस लाख लिटरच्या त्या आगगाडीला याच मात्रेने पाच किलो क्लोरीन, म्हणजे सोळा-सतरा किलो मीठ पुरले असते. पटलाची रीत वापरली तर नऊ-दहा किलोंत भागले असते. मात्रा पाण्याच्या गढूळपणाप्रमाणे कमीजास्त होईल; परंतु आकड्यांचा अंदाज बांधण्यास इतके पुरे.

हे सर्व ऐकून, मग उद्याच प्रत्येक गावी ही यंत्रे का बसवू नयेत, असे आपण विचाराल. येथे थोडे सबुरीने घ्यावे लागते. मराठवाड्याची भूमी काळ्या पाषाणाची. आमच्या कूपनलिकांचे पाणी जड. बंबाच्या आत पांढरा थर कसा बसतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा तोच थर साध्या यंत्राच्या ऋणाग्रावर बसतो. तो आम्लाने धुऊन काढता येतो. पटलाची गोष्ट मात्र नाजूक. हे क्षार त्याच्या अंगातच जाऊन रुततात आणि त्याचा मार्ग बंद करतात. म्हणून मिठवणी अगोदर अतिशय शुद्ध करून घ्यावी लागते. त्यासाठी वेगळी उपकरणे आणि जाणता माणूस लागतो.

दुसरी अडचण विजेची. ती गेली की यंत्र थांबते. म्हणून एक-दोन दिवसांचे औषध टाकीत शिल्लक ठेवले पाहिजे. पातळ औषध तेवढे दिवस बऱ्यापैकी टिकते. तीव्र औषध मात्र आमच्या उन्हाळ्यात लवकर निःसत्त्व होते. ते करावे आणि लगेच वापरावे हेच उत्तम. तिसरी गोष्ट हायड्रोजनची. तो हलका आणि ज्वालाग्राही. नळीने छपरावरून मोकळ्या हवेत सोडला तर निरुपद्रवी. कोंडून राहिला आणि कोणी जवळ विडी पेटविली तर अनर्थ. यास्तव माझ्या अल्प मतीप्रमाणे, लहान गावाला साधे यंत्र आणि जेथे लाखोंची वस्ती व शिकलेला कर्मचारीवर्ग आहे अशा नांदेड-लातूरसारख्या शहरांना पटलाचे यंत्र, अशी वाटणी योग्य होईल.

आणि यंत्र कितीही उत्तम असले तरी ते पाणी निर्माण करीत नाही. धनेगावचे धरण रिते पडले तर मिठाचे पोते काय करणार? गढूळ पाणी आधी तुरटीने निवळून आणि वाळूतून गाळून घ्यावेच लागते; किनवट तालुक्यातील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड आढळते, ते क्लोरीनने जात नाही. क्लोरीनचे काम जंतू मारणे एवढेच. तेही लगेच होत नाही. औषध घातल्यावर निदान अर्धा तास वाट पाहावी लागते.

आता आपल्या घराकडे वळू. शहरातील नळाला चोवीस तास पाणी नसते. नळ बंद असला की वाहिनीतील दाब उतरतो आणि जेथे फट असेल तेथून गटाराचे पाणी आत ओढले जाते. यासाठीच नगराच्या टाकीत घातलेला क्लोरीन शेवटच्या घराच्या नळापर्यंत थोडा तरी शिल्लक राहिला पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. पाण्याला मंद वास आला म्हणून पुष्कळ मंडळी कुरकुर करतात. तो सौम्य वास तक्रारीचा नसून पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. पिंपात साठविलेल्या पाण्यातून तो पहारेकरी दोन-तीन दिवसांत निघून जातो. म्हणून साठवणीचे पाणी पिण्यापूर्वी उकळावे, पिंप झाकलेले असावे आणि पाणी दांडीच्या ओगराळ्यानेच काढावे.

क्लोरीन मोजण्याची साधी पेटी फार महाग नसते; काहींत पाणी पिवळे होते, काहींत गुलाबी. प्रत्येक शाळेने ती ठेवावी, असे मी सुचवितो. मुलांनी आठवड्यातून एकदा गावातील अगदी शेवटच्या नळाचे पाणी आणावे, रंग पाहावा आणि तो आकडा सर्वांना दिसेल असा फळ्यावर लिहावा. ग्रामपंचायतीच्या वहीत पावडर पडल्याची नोंद असते. फळ्यावर ती पोचल्याची नोंद राहील. या दोन्ही नोंदी जुळल्या तर मिठाचे यंत्र काय आणि पावडरीची पिशवी काय, कोणतेही साधन उपयोगी पडेल. न जुळल्या तर जगातले उत्तम पटलही आपणांस वाचवू शकणार नाही.

त्या गोदावरीकाठच्या गावी साथीनंतर आम्ही हाच क्रम सुरू केला. आकडा लिहिण्यापूर्वी फळा पुसण्याचे काम मी पुष्कळ दिवस कोणा मुलाला सांगितले नाही. माझे मीच करीत असे.